खिडकीतली पिवळी दाढ

सोमवारी सकाळी दवाखान्याचं शटर वर जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच पहिल्या पेशंटनं खुर्चीत टेकता टेकता विचारलं, "डॉक्टर, बाहेरची ती दाढ किडलीय का हो?"

"किडलेली नाही. प्लॅस्टिकची आहे. आ करा."

"नाही, पिवळी दिसतेय म्हणून म्हटलं. मोठ्या डॉक्टरांच्या वेळी कशी पांढरीशुभ्र होती."

"आ करा," डॉक्टर पुन्हा म्हणाले. या वेळी जरा जोरात.

हा प्रश्न त्या महिन्यातला सहावा होता. ही मोजदाद काउंटरवरच्या बाईंची. बाई गेली वीस वर्षं त्या काउंटरवर होत्या आणि जे जे मोजता येईल ते मोजून डायरीत लिहायची त्यांना सवय होती. डॉक्टर या दवाखान्यात फक्त सहा वर्षांपूर्वी आले होते, त्यामुळे बाईंच्या लेखी ते अजून नवीन होते. गावाच्या लेखीही होते. दवाखाना मुळात त्यांच्या सासऱ्यांचा. सासरे ते मोठे डॉक्टर आणि हे जावई डॉक्टर. पंचेचाळिशी आली, केस विरळ झाले, शेकडो रूट कॅनॉल करून झाले, तरी रस्त्यात माणसं हात करून म्हणायची, "काय जावई डॉक्टर, बरंय ना?" बाहेरच्या पाटीवरही अजून मोठ्या डॉक्टरांचंच नाव होतं.

पाटीचा विषय निघाला होता, नाही असं नाही. सासऱ्यांनी निवृत्त होताना किल्ल्या हातात दिल्या तेव्हा जावयानं घसा खाकरून विचारलं होतं. सासरे म्हणाले होते, "लावू की तुमच्या नावाची पाटी. आधी दाढ नीट सांभाळून दाखवा." जावयाला तेव्हा तो विनोद वाटला होता. सहा वर्षांत त्याला कळून चुकलं होतं की सासरे विनोद करत नाहीत.

दाढ म्हणजे बाहेर पेशंट बसतात त्या खोलीच्या खिडकीत ठेवलेली अवाढव्य दाढ. दीड हात उंच, खाली दोन मुळं, वर चार उंचवटे, आणि सगळीच्या सगळी मुलांच्या खेळण्यातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची. बावीस वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एका पावसाळ्यात ती स्वतः बसून रचली होती आणि पुन्हा कुणी उचकटू नये म्हणून प्रत्येक ठोकळा चिकटवून टाकला होता. जाताना तिच्याबद्दल त्यांनी दोन नियम घालून दिले होते. खिडकीला पडदा लावायचा नाही, आणि दर एक तारखेला दाढ पाव फेरा फिरवायची. का, ते सांगितलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना का विचारायची पद्धत नव्हती. बाई दर एक तारखेला दाढ फिरवत आणि डायरीत तशी नोंद करत.

ती दाढ पिवळी पडली होती. एका बाजूनं नाही, चारही बाजूंनी, अगदी सारखी. जुन्या वर्तमानपत्राचा असतो तसा रंग. दातांच्या डॉक्टरच्या दारात पिवळी दाढ म्हणजे न्हाव्याच्या दुकानात टकलू पुतळा ठेवण्यासारखं होतं, असं जावई डॉक्टरांना वाटे. मोठ्या डॉक्टरांनी कधी न केलेलं दात पांढरे करून देण्याचं काम त्यांनी नव्यानं सुरू केलं होतं, त्याची जाहिरात भिंतीवर होती, आणि जाहिरातीच्या बरोबर खाली ही.

तरी इतकी वर्षं एक आधार होता. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षातून एकदा येत, दाढेला हात लावत, "छान आहे" म्हणत आणि जात. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं बरं का. आता काय लख्ख दिसतंय. भिंतीवरचा डाससुद्धा दिसतो."

"वा, बाबा. फार छान झालं."

"रविवारी येतोय. दाढ बघायचीय. पाटीचंही एकदाचं मिटवून टाकू."

फोन ठेवल्यावर डॉक्टर बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. खुर्चीत एक पेशंट तोंडात कापूस घेऊन बसला होता, त्याचा त्यांना पार विसर पडला.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत त्यांनी दाढ साबणानं धुतली. पिवळं पाणी निघेल अशी अपेक्षा होती. निघालं ते थोडं काळं, आणि धूळ गेल्यामुळे दाढ होती त्यापेक्षा जास्त पिवळी दिसायला लागली. मग टूथपेस्ट झाली. मग पेशंटच्या दातांवर फिरवायचा पॉलिशचा ब्रश मशीनला लावून त्यांनी एक उंचवटा अर्धा तास घासला. उंचवटा आरशासारखा चमकायला लागला. पिवळा आरसा.

"तीनचे पेशंट येऊन बसलेत," बाई दारातून म्हणाल्या.

"पाच मिनिटं."

"काय लिहू? डॉक्टर दाढ घासतायत?"

"काही लिहू नका, बाई."

बाईंनी लिहिलं.

बुधवारी केमिस्ट्रीचे सर आले. सर शाळेतून निवृत्त झालेले, अक्कलदाढ काढून घ्यायला आलेले. भुलीचं इंजेक्शन देऊन जबडा बधिर व्हायची वाट बघायची असते, तेवढ्यात दोघंही खिडकीकडे बघत बसले. डॉक्टरांनी न राहवून आपलं दुखणं सांगितलं.

"घासून काय उपयोग?" सर म्हणाले. "मळ असता तर निघाला असता. हा मळ नाही, प्लॅस्टिकच तसं झालंय. तीन पदार्थांचं असतं ते. त्यातला एक रबरासारखा, म्हणून तर ठोकळा आपटला तरी फुटत नाही. पण ऊन लागलं की पहिला तोच बिघडतो. उन्हातले अतिनील किरण त्याला मोडतात, हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, आणि त्यातून जे तयार होतं ते पिवळं असतं. लाल ठोकळ्यात दिसून येत नाही. पांढऱ्यात लपायला जागा नाही."

"म्हणजे ऊन." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आणि बाबांचा हुकूम काय, तर पडदा लावायचा नाही."

"खिडकीत ठेवायचीच कशाला?"

"मी ठेवली नाही हो, सर. मला ती तशी मिळालीय."

"उपाय आहे," सर म्हणाले. त्यांचा ओठ आता एका बाजूला जड व्हायला लागला होता. "हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि उन्हात ठेवायचं."

"उन्हानंच बिघडली ना पण?"

"हो. नुसती उन्हात ठेवली की पिवळी. पेरॉक्साइड लावून ठेवली की पांढरी. पण डॉक्टर, एक लक्षात ठेवा, ते टिकत नाही. परत पिवळी पडते. कधी कधी तर आधीपेक्षा लवकर."

हे शेवटचं वाक्य सरांनी बऱ्याच कष्टानं उच्चारलं, पण डॉक्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर समोरच्या ड्रॉवरवर खिळली होती. पेशंटचे दात पांढरे करायचं जेल त्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि त्यात दुसरं काय असतं, तर पेरॉक्साइडच. काल दुपारभर साबण आणि टूथपेस्ट घेऊन बसलो, औषध हाताशी असून, या विचारानं त्यांना स्वतःचीच चीड आली. सरांची अक्कलदाढ त्यांनी त्या दिवशी विक्रमी वेळात काढली.

गुरुवारी प्रयोग. दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांकडे एक पट्टी असते. तिच्यावर दातांचे सोळा नमुने असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. सवयीनं डॉक्टरांनी ती आधी दाढेला लावून बघितली. दाढ ए-थ्री नंबरच्या नमुन्याला तंतोतंत जुळली, इतकी की नमुना कुठे संपतो आणि दाढ कुठे सुरू होते ते कळेना. डॉक्टरांनी वैतागून पट्टी खिशात कोंबली, एका उंचवट्यावर जेल लावलं आणि दाढ जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी जेल पुसलं तर खालून जे निघालं ते पाहून त्यांना गहिवरून आलं. उंचवटा पांढराफेक झाला होता.

आनंद ओसरल्यावर अडचण लक्षात आली. पिवळी दाढ एक वेळ खपली असती. तीन उंचवटे पिवळे आणि एक पांढरा, ही दाढ कुणालाच काही सांगून पटवता आली नसती. आता माघार नव्हती. आणि जेल संपलं होतं. एका माणसाच्या दातांना पुरेल एवढी ती ट्यूब, दीड हाताच्या दाढेला कुठून पुरणार?

"पार्लरमध्ये मिळेल," डॉक्टरांची बायको रात्री जेवताना म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि वडिलांच्या दाढेबद्दल तिला काडीचंही प्रेम नव्हतं. "केस रंगवायच्या आधी ते क्रीम लावतात ना, त्यात तेच असतं. बाटल्या मोठ्या असतात."

"मी पार्लरमध्ये जाऊन काय सांगू?"

"सांग, दाढेला लावायचंय."

शुक्रवारी सकाळी ते दवाखान्याशेजारच्या पार्लरमध्ये गेले आणि खरोखर तेच सांगून बसले. पार्लरवालीनं त्यांच्या तोंडाकडे, मग डोक्याकडे बघितलं. "सर, केसांना लावायचं असेल तर तसं सांगा. लाजायचं काय त्यात? पुष्कळ पुरुष येतात आमच्याकडे." त्यांनी समजावून सांगितलं. तिनं चार बाटल्या दिल्या आणि जाताना हळूच म्हणाली, "कानाला लागू देऊ नका."

क्रीम वाळू नये म्हणून दाढ प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळायची होती. ऊन दिवसभर कुठे राहतं ते बायकोनं शाळेत जाण्यापूर्वी गच्चीवर खडूनं आखून दिलं होतं. पाण्याच्या टाकीची सावली अकरा वाजता कुठे पडेल आणि दोन वाजता कुठे, तेही. डॉक्टरांनी क्रीम चोपडलं, कागद गुंडाळला आणि खाली येऊन पेशंट घेतले. दर अर्ध्या तासानं ते जिन्यानं वर पळत. एका पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना ते मध्येच उठून गेले, तेव्हा तिच्या नवऱ्यानं काउंटरवर विचारलं, "डॉक्टरांचं पोट बिघडलंय का?"

"गच्चीवर पेशंट आहे," बाई म्हणाल्या. ते खोटंही नव्हतं.

हातमोजे खाली राहिले होते, खालीवर करायचा कंटाळा आला होता, म्हणून डॉक्टरांनी दोनदा क्रीम नुसत्या हातांनीच फासलं. दुपारपर्यंत बोटांची टोकं पांढरी पडून चुरचुरायला लागली. त्यापेक्षा वाईट म्हणजे संध्याकाळी कागद सोडल्यावर दाढ पट्ट्यापट्ट्यांची निघाली. जिथे कागद नीट चिकटला होता तिथे पांढरी आणि जिथे सुरकुती पडली होती तिथे पिवळी. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लहान मुलांच्या दातांवर असेच डाग पडतात. अशा पोरांच्या आयांना डॉक्टर शांतपणे म्हणत, काळजी करू नका. आता ते स्वतःच पायरीवर डोकं धरून बसले होते.

बाई वर आल्या. दाढेभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांच्या हातात कधी असं झालं नसतं."

"बाई, मोठे डॉक्टर तिला हातच लावत नव्हते. ते फक्त फिरवायला सांगत होते."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

शनिवारी डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. आठ पेशंटना बाईंनी फोन करून कळवलं आणि प्रत्येकाला कारणही सांगितलं, त्यामुळे अकरापर्यंत पाच जण गच्चीवर बघायला आले. त्यांच्यातले दोघं सल्ले देत होते. डॉक्टरांनी या वेळी कागदाचा नाद सोडला, पार्लरमधून आणखी सहा बाटल्या आणल्या, हातमोजे घातले आणि दिवसभर ब्रशनं क्रीम लावत, पुसत, पुन्हा लावत दाढेपाशी उभे राहिले. बायको छत्री घेऊन आली. ती छत्री डॉक्टरांवर धरायची होती, पण तिची सावली दाढेवर पडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनीच तिला बाजूला केलं.

"उन्हानं चक्कर येऊन पडशील."

"पडू दे. पाटी तरी लागेल."

"एका पाटीसाठी इतकं?"

"तुझं काय जातं? तुला शाळेत कुणी मोठ्या डॉक्टरांची मुलगी म्हणून हाक मारतं का?"

तिनं छत्री मिटली, दुसरा ब्रश घेतला आणि मुळांच्या बाजूनं क्रीम लावायला बसली.

संध्याकाळी पाचला दाढ धुतली तेव्हा ती पांढरी होती. चारही बाजूंनी, चारही उंचवट्यांनी, मुळांच्या खाचाखोचांसकट. दुकानातून आत्ता आणल्यासारखी. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी उचलून खाली आणली, खिडकीत ठेवली, आणि समोरच्या बाकावर बसून राहिले. नाक भाजून लाल झालं होतं, पाठ मोडली होती, पण सहा वर्षांत पहिल्यांदा तो दवाखाना त्यांना आपला वाटला.

रविवारी दहाला सासरे आले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता. काउंटरवरच्या बाई सुट्टी असूनही हजर होत्या. सासरे दारातच थांबले, त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि खिडकीकडे बघितलं. मग सावकाश चालत दाढेपाशी गेले. तिच्याभोवती एक फेरी मारली. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक जुनी पट्टी काढली, जावयाकडे होती तशीच, सोळा नमुन्यांची. पहिला नमुना लावून बघितला, मग दुसरा. सोळाच्या सोळा लावून झाले. एकही जुळला नाही. त्यांनी पट्टी परत खिशात ठेवली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आपलीच आहे, बाबा," जावई म्हणाला. आवाजातला अभिमान त्याला लपवता आला नाही. "जरा पिवळी पडली होती. केली नीट."

"नीट केलीत." सासरे बाकावर बसले. "जावईबापू, माणसाची दाढ कधी एवढी पांढरी बघितलीय का तुम्ही? आयुष्यात एकदा तरी?"

"नाही, म्हणजे..."

"मी हे ठोकळे आणले तेव्हा अशीच होती. भिंतीसारखी. ठेवली खिडकीत आणि बघतो तर काय, दाढ कसली, कवळी. मलाच लाज वाटायची. मग सरांनी सांगितलं, आपले केमिस्ट्रीचे सर, की हे प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं. म्हटलं, झकास. उन्हात ठेवू, सगळीकडून सारखं लागेल असं फिरवत राहू. पन्नाशीच्या धडधाकट माणसाच्या दाढेचा रंग ए-थ्री. मी बावीस वर्षं ए-थ्रीची वाट बघतोय. शेवटी शेवटी मोतीबिंदूमुळे मला सगळंच पिवळं दिसायला लागलं, जुळली की नाही कळेना. म्हणून ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा हीच बघायची ठरवली होती."

गुरुवारी खिशात कोंबलेली पट्टी जावयाला आठवली. नमुना कुठे संपतो आणि दाढ कुठे सुरू होते ते कळत नव्हतं, तेही आठवलं.

"बाबा, हे त्याला सांगायचं नाही का?" बायको म्हणाली.

"काय सांगायचं राहिलं? पडदा लावू नका म्हणालो. फिरवत राहा म्हणालो. माणूस एखादी गोष्ट उन्हात ठेवून फिरवत राहतो ती कशासाठी? आणि हे दातांचे डॉक्टर आहेत, कुणी सोम्यागोम्या नाहीत." सासऱ्यांनी पुन्हा एकदा दाढेकडे बघितलं आणि मान हलवली. "कवळी बसवलीत तुम्ही माझ्या खिडकीत."

"आणि पाटी?" जावयानं कसंबसं विचारलं.

"पाटी गाडीत आहे," सासरे म्हणाले. "कालच करून आणली. तुमचं नाव घातलंय, मोठ्या अक्षरात. राहू द्या गाडीतच. दाढ ए-थ्रीला आली की लावू."

जेवायला न थांबता ते निघून गेले. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेली होती. गाडी वळली तेव्हा कागद एका कोपऱ्यात फाटलेला दिसला आणि आतलं आपलं आडनाव, अर्धं का होईना, जावयाला वाचता आलं.

तो तसाच आत आला. बायकोला वाटलं, आता हा दाढ उचलून रस्त्यावर फेकणार. पण त्यानं फोन घेतला आणि केमिस्ट्रीच्या सरांचा नंबर लावला.

"सर, बुधवारी तुम्ही म्हणाला होतात, परत पिवळी पडते, आधीपेक्षा लवकर. लवकर म्हणजे किती लवकर?"

सोमवारी सकाळी पहिला पेशंट गच्चीपर्यंत चढून आला, कारण खाली डॉक्टर नव्हते. डॉक्टर टाकीच्या सावलीत स्टूल टाकून बसले होते, हातात रंग जुळवायची पट्टी होती, आणि समोर खडूच्या रेघांच्या मधोमध पांढरीशुभ्र दाढ उन्हात ठेवलेली होती. बाईंच्या डायरीत महिन्याला पाव फेरा खोडून तासाला पाव फेरा केलेलं होतं.

"अरे वा, कशी लख्ख झाली," पेशंट म्हणाला. "मोठे डॉक्टर काल येऊन गेले म्हणे. एका दिवसात पांढरी केली त्यांनी. पण डॉक्टर, अशी उन्हात ठेवलीत तर पुन्हा पिवळी पडेल हो."

जावई डॉक्टरांनी घड्याळात बघितलं, उठून दाढ पाव फेरा फिरवली आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"तुमच्या तोंडात साखर पडो," ते म्हणाले. "आ करा."